कडी लावून वाचलेली माणसं

दिवाळी सरली की दौंडला आमच्या घराच्या खिडकीखालून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. मागं दोन-दोन ट्रेलर, पुढं कानठळ्या बसवणारी गाणी. स्पीडब्रेकरवर दोन-चार कांड्या निसटून पडतात आणि शाळेतून येणारी मुलं त्या दाताने सोलत घरी जातात. सगळ्या गल्लीला हंगाम आल्याचा आनंद होतो. माझा मात्र संध्याकाळचे पाच वाजले की हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो, आणि मग आठवतं, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली डॉक्टरांचा दवाखाना आहे, इथं कोण येणार आहे.

परवा फोनवर कुणीतरी एक फोटो पाठवला. शिरूरकडच्या कुठल्याशा वावरात चार बायका कांदे लावताना वाकलेल्या, आणि चौघींच्या गळ्यात पट्टे. पट्ट्यांना बाहेरून खिळे. बिबट्या मान धरतो, म्हणून. फोटोखाली हसण्याची चित्रं टाकलेली होती. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. चेहरे दिसत नव्हते. पण वाकलेल्या पाठी ओळखीच्या वाटल्या.

मी एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. फोटो आला तेव्हा आठवीच्या मुलांना प्रकल्प दिलेला होता, ‘जग बदलणाऱ्या व्यक्ती’. मुलांनी दुकानातून तक्ते आणले होते, चौकोनात चेहरे, खाली नावं. तक्त्यातली ती माणसं किती मोकळ्यावर उभी असतात! मागं आभाळ, डोळे लांब कुठंतरी. मला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा मी आणि ती, आम्ही सगळेच एका बंद स्वयंपाकघरात होतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, घर रुळांना लागून. कोणती गाडी गेली यावरून आम्ही वेळ सांगायचो. लग्न होऊन मी निमोण्याजवळच्या मळ्यात गेले आणि घड्याळच हरवलं. घराच्या तीन बाजूंना ऊस. जूनमध्ये तो कमरेएवढा होता तेव्हा पलीकडची टेकडी दिसायची. दसऱ्यापर्यंत टेकडी गेली, मग रस्ता गेला, मग शेजारची वस्ती गेली. अंगणात उभं राहून वर पाहिलं तरच काय ते मोकळं दिसायचं.

घरात आम्ही चौघं. माझे मिस्टर रांजणगावच्या कंपनीत, कंत्राटावर. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा गावात वजनदार, सोसायटीचे डायरेक्टर, बोललेला शब्द खाली न पडू देणारे. आणि आत्या, माझ्या सासूबाई. साठीच्या जवळ आलेल्या, काटक, चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या. “आता अक्षरं वळख देत न्हाईत,” असं म्हणायच्या.

त्या हिवाळ्यात आधी कुत्री कमी झाली. मग गोठ्यातली कालवड गेली. मग पारूकाकू. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या. सकाळी अकराच्या लख्ख उन्हात बांधावर गवत कापत होत्या. बिबट्या मागून आला. खांद्यावर पदराचा बोळा होता म्हणून मान वाचली. दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेले, तर त्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या. पाणी प्यायला उठल्या तेव्हाही भिंत सोडली नाही, पाठ घासत घासत माठापर्यंत गेल्या.

त्या दिवसापासून मामांचा नियम झाला. पाचला सगळे आत. उसातल्या वाटेनं बायकांनी जायचंच नाही. मिस्टरांची दुसरी पाळी असायची, परतायला उशीर, म्हणून त्यांनी कारेगावात तिघा मित्रांच्या खोलीत एक कॉट धरली. ते फक्त सुट्टीला यायचे. मोटारसायकल अंगणात शिरेपर्यंत हॉर्नवरून बोट काढायचे नाहीत.

पाच ते सकाळी सात. चौदा तास. बाहेरच्यांना ही नुसती बेरीज वाटेल. संडास घरापासून वीस पावलांवर होता आणि ती वीस पावलं बंद होती. पाणी बेतानं प्यायचं. खिडक्यांना मामांनी जाळी मारून घेतली होती. चूल पेटली की धूर घरातच फिरायचा आणि डोळे चुरचुरायचे. वनखात्यानं घरामागच्या बांधावर पिंजरा आणून ठेवला. त्याच्या मागच्या कप्प्यात एक शेळी बांधलेली. अंधार पडला की ती ओरडायला लागे. पहिले दोन दिवस वाईट वाटलं, मग राग यायला लागला, मग त्या रागाची लाज. आत्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तिला निदान ठावं तरी हाय, कशासाठी कोंडलंय ते.”

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, बाहेरून. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि मामा हो म्हणाले होते. परीक्षा एप्रिलात, शिरूरच्या कॉलेजात. आधुनिक जगाचा इतिहास हा पेपर मला अवघड जात होता. संध्याकाळी मामा पुढच्या खोलीत टीव्हीवर बातम्या लावून बसत आणि मी स्वयंपाकघरात मनातल्या मनात वाचत बसे. एक दिवस आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “मनात नगं वाचू. मोठ्यानं वाच. त्या शेरडाचं ऐकून डोकं उठलंय.”

असं ते सुरू झालं. शेळीचं ओरडणं बुडवायला.

पहिल्याच दिवशी तो म्हातारा शास्त्रज्ञ निघाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणाला, म्हणून धर्मपीठानं खटला भरला आणि जन्मभरासाठी घरातच राहायची शिक्षा दिली. मी वाचलं आणि थांबले. मला ते फार भयंकर वाटलं होतं. आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“घरात म्हंजी? तुरुंगात न्हाई?”

“नाही. स्वतःच्या घरात. बाहेर पडायचं नाही.”

“आन् हीच शिक्षा?”

“हो.”

आत्या हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या. मामांनी पुढून विचारलं, काय झालं गं. “काय न्हाई,” त्या म्हणाल्या, “एका बाबाची गंमत झाली.” मग शेंगा फोडत राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याला लागलं आसंल मनाला. आधी बाहेर हिंडल्याला माणूस.”

रोज एक-दोन माणसं घरात येऊ लागली. छापखाना उभा करणारा. वाफेवर यंत्र चालवणारा. गुलामांना माणूस म्हणा म्हणून भांडलेले लोक. गाइडमध्ये प्रत्येकाची पाच-पाच वाक्यं, आणि आत्यांचे प्रश्न त्या पाच वाक्यांच्या बाहेरचे. त्याला घरी कोण होतं? बायकू काय म्हनायची? त्याला कुणी आडिवलं न्हाई का? मला उत्तरं यायची नाहीत. सुरुवातीला मी चिडायचे, हे परीक्षेला येत नाही म्हणायचे. मग मिस्टरांना सांगून लायब्ररीतून जाड पुस्तकं मागवायला लागले.

रेडियम शोधणारी बाई अशाच एका जाड पुस्तकातून आली. गळक्या शेडमध्ये उभी राहून मोठ्या कढईत लोखंडी दांड्यानं दिवसदिवसभर ढवळणारी. ती कढई आत्यांना फार पटली. “आन् पोरगी कुणाजवळ व्हती तिची?” मी पान उलटून शोधलं. “सासऱ्यांजवळ. सासरे सांभाळायचे नातीला.” आत्यांनी पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. बातम्यांचा आवाज मोठा होता. “पुन्यांदा वाच,” त्या म्हणाल्या, “जरा मोठ्यानं.”

मी वाचलं. पुढच्या खोलीतला आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला.

आणि मग एका संध्याकाळी देवीच्या लसीचा धडा आला. गाईच्या आचळावरच्या फोडांवरून ज्याला लसीची कल्पना सुचली तो इंग्रज डॉक्टर. वाचता वाचता मी वर पाहिलं तर आत्यांनी चोळीची बाही वर सरकवली होती. दंडावर दोन गोल वण, रुपयाच्या नाण्याएवढे, मध्ये सुरकुतलेले.

“हे त्याचंच व्हय?”

“हो आत्या. त्याचंच.”

त्या वणांवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांची थोरली बहीण देवीनं गेली होती. पुढं कितीतरी दिवसांनी लस टोचणारी एक नर्सबाई त्यांच्या वाडीत आली आणि त्यांच्याच घरी उतरली. “मी तवा तेरा वर्साची. पोरं पळायची, रडायची. बाई म्हनली, तू दंड धर. मी धरायची. अख्ख्या वाडीचं दंड धरल्यात मी. एक पोरगं हलू दिलं न्हाई.” मग थांबून म्हणाल्या, “जाताना बाई आमच्या दादांना म्हनली, पोरीला पुण्याला धाडा, मी शिकवते, नर्स हुईल. दादा म्हनले, पुढच्या वर्साला बघू.”

“मग?”

“पुढच्या वर्साला हितं आले की.”

शेंगांची टरफलं त्यांनी सुपात भरली आणि चुलीत टाकली. मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं काही वाचावंसं वाटलं नाही. जगाच्या इतिहासातला एक माणूस या बाईच्या दंडापर्यंत येऊन पोचला होता. तिथून पुढं तिला मात्र कुठंच जाता आलं नव्हतं.

मार्च उजाडला तशी तोड जवळ यायला लागली. आज या बाजूचा ऊस पडला, चार दिवसांनी त्या बाजूचा. टेकडी परत दिसली. मला वाटलं, आता सुटलो. पण बिबट्या कुठं जाणार? जसजसे फड रिकामे झाले तसतसा तो उरलेल्या उसात सरकत गेला. एप्रिलात आमच्या शिवारात एकच फड उभा राहिला, कारखान्याकडून तोडीची तारीख न मिळालेला, आणि तो नेमका आमचं घर आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये. त्यातूनच पायवाट, गाडीरस्ता फार लांबच्या वळशाचा. लोकांनी त्याला दोनदा त्याच वाटेवर पाहिलं होतं.

पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी हॉलतिकीट पिशवीत ठेवत होते. मिस्टरांना सुट्टी मिळाली नव्हती. कंत्राटी माणसाला कोण देतं. मामा दारात येऊन उभे राहिले.

“उद्या जायाचं न्हाई.”

मी हॉलतिकीट पिशवीत आत सरकवलं.

“पारूचं बघितलंस ना तू? सकाळी सातला त्या वाटंनं? मला दूध घालाया जावं लागतंय, मी न्हाई सोबतीला. काय झालं तर तुझ्या बापाला काय सांगू मी?” त्यांचा आवाज चढला होता, पण हात दाराच्या चौकटीवर नुसताच फिरत होता. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की हा माणूस महिनोन् महिने घाबरलेला आहे. “परीक्षा काय पळून चालली? पुढच्या वर्साला दे.”

आत्या चुलीपुढं होत्या. त्यांनी मान वर केली नाही. भाकरी उलटली, इतकंच.

सकाळी साडेसहाला मामांची मोटारसायकल दुधाची किटली घेऊन गाडीरस्त्यानं लांबून निघून गेली. आवाज गेला आणि आत्या आत आल्या. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, कमरेला विळा, हातात जेवणाचं ताट आणि उलथनं.

“ऊठ. एस्टी चुकंल.”

“आत्या, मामा...”

“त्यांचं मी बघते.”

ती वाट पाच-सात मिनिटांची. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, पानं गालाला कापत होती, खाली वाळक्या पानांचं पाचट. पाचटावर आपलंच पाऊल पडलं तरी दुसरं कुणी चालल्यासारखं वाटतं. आत्या पुढं. उलथनं ताटावर बडवत. मध्येच उजव्या हाताला पानं हलली. वारा नव्हता. आत्या थांबल्या. मी थांबले. माझ्या मानेवरचा प्रत्येक केस मला वेगवेगळा कळत होता.

“बोल,” आत्या म्हणाल्या. “मोठ्यानं बोल कायतरी.”

“काय बोलू?”

“पाठ केलंयस ते बोल!”

आणि मी त्या उसात, घसा फाडून, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं ओरडायला लागले. राजेशाहीचा उधळेपणा! जाचक करपद्धती! विचारवंतांचा प्रभाव! आत्या प्रत्येक कारणाला ताट बडवत होत्या. पानं पुन्हा हलली, आणि मग पलीकडं, लांब. आम्ही पळालो नाही. आत्यांनी पळू दिलं नाही.

रस्त्यावर आलो तर एस्टी उभीच. मी चढले, कंडक्टरनं घंटी दिली, आणि गाडी हलल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खिडकीतून ओरडले, “आत्या, तुम्ही परत कशा जाणार?” त्या वळल्या होत्या. ताट छातीशी धरून उसाच्या तोंडाशी उभ्या. मग आत गेल्या. ऊस मागं मिटला.

पेपर मी लिहिला, पण तो कसा लिहिला ते मला सांगता येणार नाही. वैद्यकशास्त्रातल्या शोधांवर प्रश्न होता. मी दोन पानं भरली आणि मध्येच हात थांबला. माझ्या कानात ताट वाजत होतं, आणि मग वाजायचं बंद व्हायचं. माझ्याकडे फोन नव्हता, घरी कुणाला विचारणार होते? एक पंधरा मार्कांचा प्रश्न मी सोडला. बाकावर माझ्या पुढं बसलेली मुलगी शांतपणे समास आखत होती. मला वाटलं, माझ्या एका पदवीसाठी मी त्या बाईला तिथं एकटं सोडून आले. जग बदलणाऱ्यांनीही मागं कुणाला तरी असंच सोडलं असेल, आणि ते कुणी लिहिलं नसेल.

परत एस्टीतून उतरले तर रस्त्यावर मामांचा ट्रॅक्टर उभा. मामा स्टिअरिंगवर, समोर बघत.

“आत्या?” माझ्या तोंडून एवढंच आलं.

“हाय घरी. बस.”

मी मडगार्डवर बसले. त्यांनी इंजिन चालू केलं, हेडलाइट भर दिवसा लावले, हॉर्न दाबून धरला आणि कडेचा ऊस मोडत ट्रॅक्टर त्या पायवाटेत घातला. अर्ध्या वाटेत, त्या गोंगाटात, पुढंच बघत त्यांनी विचारलं, “जमला का पेपर?”

घरी आत्या कांदे निवडत होत्या. हातांवर पानांचे बारीक ओरखडे. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण आवाजच फुटला नाही. घसा पार बसला होता.

“काय ओरडलात एवढं?” मी विचारलं.

त्या कुजबुजल्या, “मला कुठं तुझी ती नावं येत्यात. वाडीतल्या पोरांची घेतली. दंड धरल्याली.”

“सगळी आठवली?”

त्यांनी मान हलवली. “वाट सरली. पोरं उरली अजून.”

बाकीच्या पेपरांना मामांनी ट्रॅक्टरवरून नेलं. दोघं नवराबायको आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मे महिन्यात तो शेवटचा फड तुटला आणि बिबट्या पिंजऱ्यात सापडला; ती मादी होती. गज चावून तिचे सुळे तुटले होते. अख्खं गाव बघायला लोटलं. आत्या लांबूनच बघून परत फिरल्या.

मी पास झाले. पुढं बी.एड. केलं, मिस्टरांना कुरकुंभला काम मिळालं आणि आम्ही दौंडला आलो. मामा तीन वर्षांपूर्वी गेले. आत्या मळ्यातच आहेत. इकडं या म्हटलं तर म्हणतात, “तिथं बसून काय करू?” मी त्याला हट्ट म्हणत आले. वर्गात एका मुलीनं परवा तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं, “मॅडम, आपण जग बदललं हे त्यांना कळलं होतं का?” मी म्हणाले, काहींना कळलं असेल.

तो खिळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो आल्यावर मला राहवेना. शुक्रवारी रजा टाकली आणि गुरुवारी संध्याकाळीच मळ्यात गेले. सकाळी सहाला जाग आली तर आत्या पदर गुंडाळत होत्या. मी म्हटलं, कुठं? “चल यायचं तर,” त्या म्हणाल्या.

बाहेर अंगणात शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली उभ्या होत्या. पुढच्या वस्तीवरून चौथी आली. मग कळलं. बिबट्याच्या भीतीनं वस्तीवरच्या सात मुलींची शाळा बंद केली होती. आत्या घरोघर जाऊन बापांशी बोलल्या होत्या. चौघांनी ऐकलं. आणि हे याच वर्षीचं नव्हतं. मी दौंडला गेल्यापासून दर हंगामात त्या मुलींना रस्त्यापर्यंत सोडतात, हे मला त्यांतल्याच एका पोरीनं सांगितलं, आत्यांनी कधीच नाही.

आम्ही निघालो. मुली पाढे ओरडत होत्या. उसाच्या अलीकडं एक घर लागतं. जाळीचं दार, आतून कुलूप. जाळीमागं एक मुलगी उभी होती, बारा-तेरा वर्षांची. तिनं केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी बांधल्या होत्या. अंगावर घरातलाच फ्रॉक.

आत्या दारापुढं थांबल्या. मुलींचे पाढे थांबले.

“येतीस का गं?” आत्यांनी विचारलं.

मुलीनं आत वळून पाहिलं. आतून पुरुषाचा आवाज आला, “सांगितलं ना काकू, न्हाई येत ती. रोज रोज काय इचारताय?”

मला वाटलं आत्या काही बोलतील, भांडतील. त्यांनी फक्त पदर सारखा केला.

“बरं,” त्या म्हणाल्या, “उद्या येते.”